आपोआप पडणारी कडी

मित्रांनो, मी एक जुना लाकडी पेटारा आहे आणि स्वभावाने फार भित्रा आहे. हसू नका. एवढ्या जाड फळ्या, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या, चार माणसं लागल्याशिवाय जागचा हलत नाही, आणि म्हणे भित्रा! पण खरं आहे ते सांगतो. वाळवीला मी घाबरत नाही, ओलीला घाबरत नाही, आणि अंधार तर माझ्या पोटातच राहतो. मला भीती वाटते ती माझ्याच कडीची.

मला एका सुताराने बनवलं. त्याच्या बहिणीने नवं घर मांडलं होतं आणि तिला द्यायची वस्तू म्हणून त्याने कुठे हात आखडता घेतला नाही. फळीला फळी अशी जुळवली की मधे नखसुद्धा जाऊ नये. "आत मुंगी शिरली तर माझं नाव बदला," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. झाकणाला त्याने एका मोडलेल्या दाराची जाडजूड कडी लावली आणि पुढच्या फळीवर तिचा कोयंडा ठोकला. कडी इतकी जड होती की झाकण पडलं की तीही खाली यायची आणि नेमकी कोयंड्यावर बसायची. खट्ट!

"बघ, हातसुद्धा लावायला नको," सुतार बहिणीला म्हणाला.

सगळ्यांनी कौतुक केलं. मीही फुगून गेलो. त्या कौतुकात कुणाच्या मनात आलं नाही, की जी कडी बाहेरून आपोआप लागते, ती आतून उघडायची कशी? माझ्याही मनात आलं नाही. पेटाऱ्यात कपडे असतात, आणि कपड्यांना बाहेर यायची घाई नसते.

ती बहीण शिवणकाम करायची. पुढे तिला दोन मुलं झाली, आधी ताई आणि मग धाकटा. माझ्या पोटात रजया, लोकरीचे कपडे आणि शिवणाचे तुकडे असत. दुपारी आई मशीनवर बसली की दोघं माझं झाकण भिंतीला टेकवून उघडं ठेवत आणि त्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने चित्रं काढत. ताईने एक जहाज काढलं. धाकट्याने घोडा काढला. त्याला तीनच पाय होते. चौथा कुठे गेला असं ताईने विचारलं, तर म्हणाला, "तो पळतोय ना, म्हणून दिसत नाही."

ते दिवस चांगले होते. ते एका दुपारी संपले.

लपाछपी चालली होती. ताई भिंतीकडे तोंड करून आकडे म्हणत होती. धाकटा माझ्यात शिरला, रजयांवर आडवा झाला आणि त्याने झाकण ओढून घेतलं. खट्ट. आधी तो तोंडावर हात धरून हसत होता. ते हसू माझ्या फळ्यांना गुदगुल्या करत होतं. मग त्याने झाकण ढकललं. ते उघडलं नाही. त्याने पुन्हा ढकललं. मग तो दोन्ही मुठींनी मारू लागला, आणि रजयांत त्याचा आवाज दबून गेला.

मित्रांनो, मी सगळं बळ एकवटलं. पण पेटाऱ्याला बळ कुठून येणार? ज्या फळ्यांचं कौतुक झालं होतं, त्यांत एकही फट नव्हती. ते लेकरू माझ्याच पोटात रडत होतं आणि मी घट्ट मिटून बसलो होतो.

त्याची एक चप्पल माझ्यापुढे पडली होती, म्हणून ताईला कळलं. आईने येऊन कडी उपसली. धाकट्याला बाहेर काढून ती जमिनीवरच बसली आणि बराच वेळ त्याला सोडेना. त्याला ती एक शब्द बोलली नाही. मला मात्र तिने तळहाताने फाडकन मारलं. नंतर कात्री घेतली, पिवळ्या कापडाची एक चिंधी कापली, तिची गाठ मारली आणि ती माझ्या कोयंड्यात कोंबून बसवली. आता कडी पडली तरी नीट बसणार नव्हती.

"ही चिंधी काढाल तर माझ्याशी गाठ आहे," ती म्हणाली.

तेव्हापासून मी स्वतःला घाबरतो.

पुढे मुलं मोठी झाली. आईचे डोळे थकले आणि ताई तिला आपल्या घरी घेऊन गेली. त्या घराचा जिना अरुंद होता. मी तिथे मावणार नव्हतो, म्हणून मला जुन्या सामानाच्या दुकानात दिलं. आई दुकानदाराला म्हणाली, "याच्या कोयंड्यातली चिंधी तेवढी काढू नका हं." तो बरं म्हणाला. ती दारापर्यंत गेली आणि परत आली. "विसरू नका," असं पुन्हा एकदा म्हणाली. का काढायची नाही, ते मात्र तिने सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. तिला ते बोलवत नसावं.

दुकानाच्या मागच्या शेडमध्ये मी किती वर्षं काढली ते मला सांगता येणार नाही. माझ्यावर रंगाचे रिकामे डबे ठेवले होते. शेजारी एक फुटका आरसा होता, पण त्याचं तोंड भिंतीकडे. कुणी मला उघडत नव्हतं. खरं सांगू? मला बरंच वाटायचं. उघडलं नाही म्हणजे मिटायची वेळ येत नाही.

मग एक दिवस पाच मुलं आली. कॉलेजात सिनेमा शिकत होती आणि वर्षाच्या शेवटी त्यांना एक छोटा सिनेमा करून दाखवायचा होता. खुनाची, रहस्याची गोष्ट होती. दिग्दर्शक होणाऱ्या मुलाला सगळे घाईसाहेब म्हणत, कारण त्याचं प्रत्येक वाक्य "चला, चला"ने सुरू व्हायचं. त्याची धाकटी बहीण सिनेमात काम करणार होती. एक मुलगा कॅमेरा सांभाळायचा, आणि आवाज टिपणाऱ्या मुलाचं नाव पडलं होतं कानसेन. आणि सिनेमात लागणाऱ्या वस्तू जमवायचं काम होतं एका सडपातळ मुलीकडे. तिच्या कॉलरला कायम चार-सहा टाचण्या टोचलेल्या असत, म्हणून तिलाच सगळे टाचणी म्हणत.

घाईसाहेबांकडे यादी होती. "चला, चला. एक पिस्तूल, एक कवटी, लाल दिवा, मोठा चाकू. आणि लपायला एखादं लोखंडी कपाट."

टाचणीने यादी घेतली, वाचली आणि घडी करून खिशात घातली. "कवटी कुणाची?" तिने विचारलं.

"कुणाची म्हणजे? भीती वाटायला पाहिजे ना!"

"आपल्या गोष्टीतली मुलगी साध्या घरात राहते. तिच्या घरात कवटी कशाला येईल? अरे, वस्तू ठेवायची तर तिने काहीतरी सांगितलं पाहिजे. नुसती जागा अडवायला आपण आहोतच की."

कानसेन खो खो हसला. घाईसाहेब हसले नाहीत. तेवढ्यात टाचणीने माझ्यावरचे डबे बाजूला केले आणि झाकण उघडलं.

ती झाकणाची आतली बाजू नीट बघू लागली. मग तिने तीन पायांच्या घोड्यावरून हळूच बोट फिरवलं. "इकडे या सगळे," ती म्हणाली. "या पेटाऱ्यात कुणाचं तरी लहानपण आहे."

तिथेच, त्या शेडमध्ये, तिने गोष्ट बदलली. सिनेमातल्या मुलीला धमकीच्या निनावी चिठ्ठ्या येतात, एवढं आधी ठरलेलं होतं. आता प्रत्येक चिठ्ठीच्या खाली तीन पायांचा घोडा काढलेला असणार होता. शेवटी खुनी घरात शिरतो, मुलगी घाबरून पेटाऱ्यात लपते, हातातली छोटी विजेरी लावते, आणि झाकणाच्या आत तिला तोच घोडा दिसतो. लहानपणी तिच्या सख्ख्या भावाने काढलेला. तिला सगळं उमगतं. ती एक शब्दही बोलत नाही. बाहेर पावलं वाजत राहतात.

घाईसाहेब येऊन घोड्यावर वाकले. मग म्हणाले, "पिस्तूल राहू दे."

मित्रांनो, इतक्या वर्षांनी कुणीतरी माझं कौतुक केलं होतं. पण त्यांचं पुढचं बोलणं ऐकून माझ्या फळ्या थंड पडल्या. माझ्यात एक मुलगी लपणार होती. झाकण मिटणार होतं.

निघताना दुकानदार म्हणाला, "ती पिवळी चिंधी काढू नका बरं का. ज्यांचा पेटारा होता त्या बाई सांगून गेल्यात."

"का?" टाचणीने विचारलं.

"ते काही माहीत नाही बुवा."

टाचणीने वहीत लिहून घेतलं: चिंधी काढायची नाही. का?

कॉलेजच्या मागच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या एका रिकाम्या खोलीत त्यांनी घर उभं केलं. पहिला दिवस नीट पार पडला. मी कोपऱ्यात नुसता उभा होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटाऱ्याचा प्रसंग होता. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येऊ नये म्हणून कानसेनने कापसाच्या गाद्या आणून माझ्या मागे आणि दोन्ही बाजूंना उभ्या रचल्या. माझं उघडं झाकण मागच्या गाद्यांना टेकलं. मुलीच्या श्वासाचा आवाज हवा, म्हणून त्याने माझ्या आत एक बारीक माइक चिकटवला. मोबाइलमुळे आवाजात खरखर येते म्हणून सगळ्यांचे मोबाइल एका पिशवीत गोळा करून बाहेर जिन्यात ठेवले. टाचणी शेजारच्या खोलीत चिठ्ठ्यांवर घोडे काढत बसली होती.

कॅमेऱ्यातून पाहता पाहता घाईसाहेब म्हणाले, "हे पिवळं काय मधेच? सगळं लक्ष तिकडेच जातंय."

"दादा, ती काढायची नाही, टाचणी म्हणाली होती," बहीण म्हणाली. ती तेव्हा माझ्यात उतरून गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"एका शॉटपुरतं गं. लगेच लावतो परत."

त्याने चिंधी उपटली आणि खिडकीत टाकली. मी ओरडलो. म्हणजे ओरडायचं ठरवलं. एक फळीसुद्धा करकरली नाही.

आणि तेवढ्यात वीज गेली. दिवे विझले, पंखा थांबला. घाईसाहेबांनी कपाळावर हात मारला. "चला, चला! खाली फ्यूज बघायला हवा. कानसेन, तुला कळतं ना त्यातलं?" कॅमेरावाला मुलगाही उठला.

"दादा, मी आतच बसते. उठले तर सगळं लक्ष मोडेल," बहीण म्हणाली.

"बस. आलोच."

ते धावत बाहेर पडले. जाताना त्यांनी दार धाडकन लावलं. त्या हादऱ्याने माझ्या मागची गादी कलली, झाकणाला घेऊन पुढे आली आणि माझ्यावर आडवी पडली.

खट्ट.

तिला आधी वाटलं, भाऊ चेष्टा करतोय. "दादा, पुरे हं," ती म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "दादा, मला नाही आवडत असलं." मग तिने झाकण ढकललं, आणि मला कळलं की तिला कळलं.

मित्रांनो, त्यानंतरचं सांगताना आजही माझे सांधे ढिले होतात. तिने खांदा लावला. पाय रोवून पाठीने रेटलं. बाहेर कडी बसली होती आणि झाकणावर कापसाची जडशीळ गादी. तिने हाका मारायला सुरुवात केली. भावाला मारल्या, टाचणीला मारल्या, शेवटी नुसतंच "कुणीतरी या" म्हणू लागली. गाद्यांनी प्रत्येक हाक गिळली. त्या त्यासाठीच तर रचल्या होत्या. तिने विजेरी लावली. उजेडात घोडा दिसला, जहाज दिसलं. तिने डोळे मिटून घेतले. आतली हवा गरम होत चालली होती. तिचा श्वास आखूड झाला, घशात घुसमटू लागला. माझ्या फळीवर तिची नखं फिरत होती आणि मी मनात त्या सुताराला म्हणत होतो, अरे, एक फट ठेवायची होतीस रे. एकच.

खोलीत कुणी नव्हतं. पण एक गोष्ट चालू होती. कानसेनचं आवाज टिपायचं यंत्र बॅटरीवर चालायचं. ते बंद करायचं राहून गेलं होतं. त्याचे हेडफोन टेबलावर पडले होते आणि त्यांतून तिचा आवाज येत होता. अगदी बारीक, डास गुणगुणल्यासारखा.

दार उघडलं. टाचणी आत आली. खालून कुणीतरी पक्कड मागितली होती आणि ती तिच्या डब्यात होती. माझ्याकडे न बघताच तिने डबा उघडला, पक्कड घेतली. हेडफोनमधली गुणगुण तिच्या कानावर गेली. तिने एक हेडफोन कानाला लावला.

"कुणीतरी या... दादा... उघडा ना..."

टाचणी हसली! मित्रांनो, ती हसली. तिला वाटलं, बहीण तालीम करतेय. "छान करतेय," असं पुटपुटत तिने हेडफोन खाली ठेवला आणि दाराकडे निघाली. मी तिच्या पावलांकडे बघत होतो. एक. दोन. तीन. उंबऱ्याशी ती थबकली.

"पण ती तर तिथे बोलतच नाही," ती स्वतःशीच म्हणाली. "आपल्या गोष्टीत ती पेटाऱ्यात एक शब्दही बोलत नाही!"

पक्कड खाली पडल्याचा आवाज आला. टाचणी झेपावली. गादी तिच्या दुप्पट वजनाची होती. तिने ती दोन्ही हातांनी ओढली, लोळवली, पायाने रेटली. कडी घट्ट बसली होती. तिने अंगठ्याने ती वर ढकलली, अंगठ्याची कातडी सोलली गेली, तरी सोडली नाही. कडी निघाली. माझं झाकण उघडलं आणि हवा आत आली.

बहीण घामाने भिजली होती. ओठ पांढरे पडले होते. टाचणीने तिला काखेत हात घालून बाहेर ओढलं, खिडकीशी नेऊन बसवलं आणि पाठ चोळत राहिली. "घे, श्वास घे. आणखी एक घे. आहे मी. इथेच आहे." कितीतरी वेळाने तिला रडू फुटलं. ते रडणं ऐकून मला बरं वाटलं. रडायला श्वास लागतो.

पंखा फिरू लागला. जिन्यात पावलं वाजली. "चला, चला, आली वीज!" म्हणत घाईसाहेब आत आले आणि दारातच गोठले.

टाचणीने काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं. तो आधी पांढरा पडला, मग लाल झाला आणि माझ्याकडे धावला. "फोडून टाका हा पेटारा! आत्ताच्या आत्ता! जाळा याला!" त्याने मला लाथ मारली. मी म्हटलं, मार. मलाही तेच हवं होतं.

"पेटाऱ्यानं काय केलं?" टाचणी म्हणाली. "त्याला जेवढं येतं तेवढं त्यानं केलं. चिंधी कुणी काढली?"

तो खिडकीत पडलेल्या चिंधीकडे बघू लागला.

"आणि माझंही चुकलंच," ती पुढे म्हणाली. "मी वहीत 'का' असं लिहिलं आणि पुढे शोधलंच नाही. झाकण एकदा पाडून बघितलं असतं तरी कळलं असतं. मी घोडे काढत बसले."

कानसेन कोपऱ्यातल्या गाद्यांकडे बघत उभा होता. तो हळूच म्हणाला, "आणि मी तिला एकही आवाज बाहेर जाणार नाही अशा जागी बसवून खाली गेलो."

बहिणीने मान वर केली. "दादा, मी तुला हाका मारत होते," ती म्हणाली. एवढंच. त्यात राग नव्हता. म्हणून तर तो मटकन खाली बसला आणि तिचे पाय धरून लहान मुलासारखा रडला.

त्या दिवशी पुढचं शूटिंग झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. घाईसाहेबांनी जाऊन सरांना स्वतः सगळं सांगितलं. सरांनी काय म्हटलं ते मला माहीत नाही, पण तो परत आला तेव्हा त्याच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर होता. त्याने माझी कडी काढली आणि कोयंडाही काढला. मग ड्रिल आणून माझ्या मागच्या फळीला खाली एका ओळीत आठ भोकं पाडली. दुखलं का? मित्रांनो, जन्मात पहिल्यांदा माझ्या पोटातून वारा गेला.

चार दिवसांनी बहीण आली. भाऊ म्हणाला, "हा प्रसंग मी काढून टाकतोय. सिनेमा झाला नाही तरी चालेल."

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ती घाबरली होती. मीही घाबरलो होतो. "मी आत बसेन," ती शेवटी म्हणाली. "पण झाकण मी स्वतः लावणार आणि मी स्वतःच उघडणार. आणि तू जागचा हलायचं नाहीस."

"नाही हलणार."

तिने झाकण लावलं आणि लगेच उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. असं सहा-सात वेळा केलं. टाचणी माझ्या शेजारी जमिनीवर बसून होती, एक हात भोकांपाशी ठेवून. मग आतून बहिणीने एक बोट त्या भोकातून बाहेर काढलं आणि टाचणीने ते धरलं. तसंच धरून तो प्रसंग झाला. कॅमेऱ्यात ते बोट दिसत नाही.

सिनेमा दाखवला त्या दिवशी मला सभागृहाच्या दाराशी ठेवलं होतं. पडद्यावर माझं झाकण मिटल्यावर आत एवढी शांतता पसरली की मला बाहेर लोकांचा श्वास अडकल्याचं ऐकू आलं. नंतर टाळ्या वाजल्या. लोक बाहेर येऊन मला हात लावून बघत होते, घोड्याचा फोटो काढत होते. ते कौतुक मी घेतलं, पण फुगलो नाही.

आता मी कॉलेजच्या वस्तूंच्या खोलीत असतो. टाचणी शिकून बाहेर पडली. इथे माझ्याभोवती खूप मंडळी आहेत. खोटे चाकू, खरे चाकू, दोर, काचेच्या बाटल्या, एक गंजलेली सुरी जिला वाटतं ती फार देखणी आहे. दरवर्षी मुलं येतात, आपापल्या गोष्टींसाठी आम्हाला निवडतात. ती दारात दिसली की माझ्या अंगावर अजून काटा येतो.

मित्रांनो, तुम्हीही कधी सिनेमा कराल, नाटक कराल, नाहीतर नुसते खेळाल. आम्हा वस्तूंना घ्या. आम्हाला आवडतं. आमच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं. फक्त एक करा. आम्ही काय सांगतो हे बघण्याआधी आम्ही माणसाला काय करू शकतो, ते बघा. कुणी एखादी गोष्ट करू नका म्हणालं, तर का ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. आणि तुम्हाला कारण ठाऊक असेल तर ते बोलायला जड गेलं तरी बोला. आम्हाला तोंड नाही. तुम्हाला आहे.

परवा एक नवी मुलगी आली. तिला तिच्या गोष्टीसाठी पेटारा हवा होता. तिच्या मैत्रिणी बाहेरून घाई करत होत्या. तिने मला आतून, बाहेरून, खालून पाहिलं. बोटाने फळ्या वाजवल्या. आणि मग वळून मैत्रिणींना म्हणाली, "थांबा गं. हे बाहेरून मिटलं तर आतून उघडतं का?"

कुणालाच सांगता येईना. तेव्हा तिने दोघींना माझ्या दोन्ही बाजूंना उभं केलं, स्वतः माझ्यात उतरून बसली आणि झाकण ओढून घेतलं. मी श्वास रोखून धरला.

तिने आतून एका बोटाने ढकललं. मी उघडलो.